पिन मारलेली पानं

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात इंग्लंड पाहिलं नाही. लांबात लांब गेले ते नागपूरला, बोर्डाचे पेपर तपासायला, आणि तिथूनही तिसऱ्या दिवशी पोट बिघडवून परत आले. पण इंग्लंडात कुणी कुणाशी कसं वागायचं, हे त्यांना आमच्या आंजी गावात बसून ठाऊक असायचं. आंजीत काय चाललंय ते मात्र कधी ठाऊक नसायचं, आणि तसं त्यांना सांगायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. आज मी सांगतो. माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, आता काही सर मला बेंचावर उभं करू शकत नाहीत.

सर म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. इतिहास आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. वडील त्यांचे सेवाग्रामला जाऊन सूत कातणारे, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. मुलगा असा निघाला की त्याला इंग्रजांचे राजे ओळीनं पाठ. इंग्रज गेले ते ठीकच झालं, म्हणायचे, पण जाताना पद्धत सोबत घेऊन गेले. पद्धत हा त्यांचा लाडका शब्द. एसटी आली की गाव दारातून, खिडकीतून, मिळेल तिथून आत शिरायचं, आणि सर खाली एकटेच रांग लावून उभे असायचे. या रांगेपायी त्यांची वर्ध्याची गाडी कितीदा चुकली, ते आम्ही मोजणं सोडून दिलं होतं.

शाळेत प्रार्थना झाली की फळ्यावर रोज एक सामान्यज्ञानाचा प्रश्न असायचा. चुकीचं उत्तर दिलं तर सर रागवायचे नाहीत, दुरुस्त करायचे. पण "माहीत नाही" म्हटलं की संपलं. त्यांचा नियमच होता: माहीत नाही म्हणजे नापास. नापास झालेल्यानं वर्गाबाहेर पायरीवर बसायचं, तास संपेपर्यंत. त्या पायरीवर माझी इतकी वर्षं गेली की तिथला दगड माझ्या मापाचा झाला असावा.

त्यांच्या इतिहासात इंग्लंडचा एक राजा यायचा, सहा लग्नं केलेला. त्याचं पोपशी भांडण झालं आणि सगळ्या देशाचा धर्मच फिरला, हे सर फार रंगवून सांगायचे. भांडण कशावरून झालं, असं मी नववीत एकदा विचारलं. सरांनी खडू खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "घरगुती कारण." पुढं एका राजाचं मुंडकं पार्लमेंटनं उडवलं, ते मात्र टेबलावर डस्टर आपटून दाखवायचे, पहिल्या बाकावर खडूचा धुरळा उडायचा. मुंडक्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. गोष्टीत बाई आली, बाळंतपण आलं, काडीमोड आला, की सर खिडकीबाहेर पाहायचे.

आता पिनांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा एक धडा होता. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की सर आख्ख्या दहावीला एकेक करून ऑफिसात बोलवायचे. टेबलावर लोखंडी स्टेपलर. आपण पुस्तक द्यायचं, सर ते न पाहता बरोबर त्या पानावर उघडायचे, आणि खटक, खटक, खटक. तीन पिना. धडा बंद. विज्ञानाच्या मास्तरांना तेवढाच अभ्यासक्रम कमी, तेही खूश. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी व्हायची, पिना जागेवर आहेत की नाहीत.

परिणाम काय झाला असेल ते कुणीही सांगेल. घरी गेल्यावर पोरं दप्तर फेकायच्या आधी पिना काढायची. प्रकाश, विद्युत, आम्ल-अल्क, यांतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण तो एक धडा आंजीच्या पोरांना आकृत्यांसकट पाठ होता. आमच्या वर्षी बोर्डात नेमका त्याच्यावर मोठा प्रश्न आला. निकाल लागला तेव्हा विज्ञानात शाळा तालुक्यात वर होती, आणि सरांनी त्याचं श्रेय प्रार्थनेला दिलं.

पिन काढणं सोपं असतं. परत त्याच भोकांतून घालून पाय वाकवणं, हे काम कसबाचं. ते कसब होतं वैशालीकडे. वैशाली सरांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. बापासमोर खाली मान. आणि मधल्या सुट्टीत सुई घेऊन सगळ्या पोरींची पुस्तकं जशीच्या तशी बंद करून द्यायची. तपासणीत एकही पोरगी कधी सापडली नाही. मी माझ्या पिना स्वतः घातल्या, त्या उलट बाजूनं वाकल्या आणि छड्या खाल्ल्या. "पिनेचे पाय कुठं आहेत ते मला कळतं," सर म्हणाले होते. मला त्या वेळी वाटलं होतं, एवढं बारीक पाहणाऱ्या माणसाला मुलीच्या हातातली सुई काऊन दिसत नाही.

वैशालीचं लग्न झालं ते दोन हजार पाचच्या सुमारास. मुलगा हिंगणघाटचा, नोकरीला इंग्लंडात. स्थळ सांगून आलं तेव्हा सरांनी मुलाचा पगार विचारला नाही, घरदार विचारलं नाही. तिकडचं गाव कोणत्या परगण्यात आहे एवढं विचारलं, कपाटातून नकाशा काढला आणि होकार देऊन टाकला. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं म्हणणं होतं की मुलाचं डोकं फार लवकर तापतं. सर म्हणाले, तिकडे हवा थंड आहे.

तिथं कायमचं राहायचं असेल तर तिथल्या सरकारची एक परीक्षा द्यावी लागते. त्यांचा देश, त्यांचा राज्यकारभार, त्यांचे सण, त्यांची रीतभात, यावर प्रश्न. वैशाली पहिल्या खेपेला नापास झाली. जावयानं फोन करून सरांनाच सांगितलं. सर रिटायर होऊन बसले होते, पण त्या फोननं ते असे बसले की तीन दिवस घराबाहेर आले नाहीत. हेडमास्तरची मुलगी, आणि इंग्लंडात नापास. चौथ्या दिवशी उठले आणि जावयाला फोन करून परीक्षेचं सरकारी पुस्तकच मागवून घेतलं.

पुस्तक आलं आणि आंजीच्या नशिबाला साडेसाती लागली. रोज संध्याकाळी, लाईट गेलेली असायची तेव्हा, सरांच्या घरासमोरच्या ओट्यावर वर्ग भरायला लागला. कंदिलाशेजारी सर, आजूबाजूला पोस्टमन, पानठेलेवाला, माजी उपसरपंच आणि मी. आम्हाला सर भावी नागरिक म्हणायचे. आमच्यातला एकही माणूस वर्ध्याच्या पुढं जाणार नव्हता. वरिष्ठ सभागृह कायदा किती दिवस अडवू शकतं, बँकेच्या सुट्ट्या कोणत्या, फटाके कोणत्या महिन्यात उडवतात, कितव्या वर्षी मत देता येतं. उत्तर आलं तर ओट्यावर, माहीत नाही म्हटलं की खालच्या पायरीवर. मी पायरीवर. सवयीनं.

सगळ्यात हुशार निघाली पर्बताबाई. ती निंदणाला जायची आणि परत येताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन ओट्याजवळ दम खायला थांबायची. तिला कुणी वर बस म्हटलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. पण ऐकून ऐकून तिला सगळं पाठ. सर विचारायचे, वेल्सच्या संताचा दिवस कोणता? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचो, आणि भाऱ्याखालून आवाज यायचा, "एक मार्च." सर खूश व्हायचे आणि आमच्याकडे पाहून म्हणायचे, शरम वाटू द्या.

संक्रांतीच्या तोंडावर वैशाली आली. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि सरांना तिला महिनाभरात परीक्षेसाठी तयार करायचं होतं. तिलाही ओट्यावर बसवलं. गंमत अशी की जी बाई तिथं अडीच वर्षं राहून आली तिला तिथं कसं राहतात ते सर शिकवायचे, पुस्तक उघडं धरून. नवीन घरात गेल्यावर शेजाऱ्यांना आपली ओळख करून द्यावी, सर म्हणाले. वैशाली म्हणाली, शेजारी कोण राहते ते मले अजून माहीत नाई बाबा, मले बाहेर जाऊ देत नाईत. सरांनी पान उलटलं. म्हणाले, "माहीत नाही म्हणायचं नसतं. पुढचा प्रश्न."

संक्रांतीला कासारीण बांगड्या भरायला आली. गल्लीतल्या सगळ्या बाया काकूंच्या अंगणात. वैशाली हात पुढं करेना. अंगात पूर्ण बाह्यांचं स्वेटर, आणि ऊन तर असं की आम्ही बनियनवर. कासारणीनं गमतीत हात ओढून बाही वर सरकवली. मग काही न बोलता बाही होती तशी खाली केली आणि दुसऱ्या हातात बांगड्या भरल्या. माझी बायको शेजारीच होती. घरी येऊन तिनं मला सांगितलं, की कोपरापासून मनगटापर्यंत डाग आहेत, काही जुने, काही ताजे, आणि ते पडून लागल्याचे नाहीत.

काकूंनी ते सरांच्या कानावर घातलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यातून पाणी, अशा अवस्थेत त्या माझ्या बायकोजवळ येऊन बसल्या होत्या. सर काय म्हणाले, तर घरगुती बाब आहे, नवराबायकोचं काहीतरी असेल. तिचं नापास होणं जावयांना लागलं असेल. पास झाली की सगळं ठीक होईल. मला इतका संताप आला की तसाच उठून जावं आणि त्यांचा कंदील ओट्यावरून खाली फेकावा असं वाटलं. गेलो नाही. संध्याकाळी वर्गाला गेलो आणि पायरीवर बसलो. मीही काही मोठा शूर नव्हतो.

तिच्या जाण्याला आठ दिवस उरले तेव्हा सर पुस्तक घेऊन दुकानात आले. मूळ प्रत त्यांना स्वतःजवळ ठेवायची होती, वैशालीला झेरॉक्स. "पिन मारलेली पानं सोडून," म्हणाले आणि रांगेत कुणी नसताना रांगेच्या जागेवरून वळून गेले. मी पुस्तक उघडलं. मधोमध तीन पिना. त्याच लोखंडी स्टेपलरच्या, त्याच अंतरावर.

आंजीच्या माणसाला पिन दिसली की तो काय करतो ते मी सांगितलंच आहे. मशीन गरम होईपर्यंत मी पिना काढल्या. माझं इंग्रजी म्हणजे अर्जापुरतं, पण शेजारी डिक्शनरी होती. वर लग्न, काडीमोड, बायकांचे हक्क असे मथळे होते, ते वाचून सरांनी पुढं पाहिलंच नसणार. खाली लिहिलं होतं, की घरात मारहाण करणं हा त्या देशात गंभीर गुन्हा आहे, करणारा नवरा असला तरी. बायकोवर जबरदस्ती करणारा नवराही गुन्हेगार. अशा बाईनं लवकरात लवकर मदत मागावी. तिनं राहावं अशी सुरक्षित घरं आहेत, आणि त्यांचे फोन नंबर कुठं सापडतील तेही दिलं होतं. मी त्या पानांच्या कॉप्या काढल्या आणि गल्ल्याखाली ठेवल्या. मूळ पुस्तकात पिना परत घातल्या.

सकाळी वैशाली आली. गठ्ठा हातात घेतला, मधली पानं चाळली, पानांचे आकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पिना काढल्या का दादा?"

"काढल्या."

"मंग मले दे."

मी दिली. तिनं तिथंच काउंटरला टेकून सगळं वाचलं, मग एक परिच्छेद पुन्हा वाचला. बाहेर आर्वीची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तिनं कागदाची चौघडी केली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "बाबाले सांगू नको. त्यायले वाटते मी नापास झाली. मी पेपर कोरा देऊन आलती."

मी विचारलं, कोरा काऊन? ती म्हणाली, पास झाली असती तर कायमचं तिथं राहा लागलं असतं, त्या घरात. मले वाटलं नापास झाली त परत पाठवतील. मग पर्सवरून हात फिरवून म्हणाली, आता देतो नीट. एवढं बोलून ती गेली, आणि मी दुपारपर्यंत लोकांच्या सातबाऱ्याच्या कॉप्या तिरप्या काढत बसलो.

मार्चमध्ये बातमी आली. पास. सरांनी गावभर पेढे वाटले, मला दोन दिले. पोरीनं घराण्याचं नाव राखलं, आता ती तिथली कायमची झाली, ते गाव आता आपलंच समजा, असं पारावर भाषणही झालं. जावयाला फोन करून अभिनंदन केलं. वैशाली फोनवर आली नाही, तर म्हणाले, आनंदात असेल.

पावसाळा संपताना जावयाचा फोन आला. काकूंनी नंतर सगळं सांगितलं. कायमचं राहायची कागदपत्रं हातात आली त्याच आठवड्यात वैशाली घर सोडून गेली होती. बायकांसाठीच्या कुठल्याशा घरात राहत होती, पत्ता कुणी सांगत नव्हतं, आणि जावयाच्या दारात दोनदा पोलीस येऊन गेले होते. तो फोनवर ओरडत होता, तुमच्या पोरीला हे कुणी शिकवलं? आणि सर, जन्माचे मास्तर, ताठ बसून म्हणाले, "मी. मी स्वतः शिकवलं." मग फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. हातात पुस्तक. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, सर रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर पुस्तक उघडून काउंटरवर ठेवलं आणि बोट पिनेवर.

"पिनांचे पाय उलट आहेत," म्हणाले. "दहावीतही उलटच होते."

सर म्हणाले, "काढ." मी काढल्या. म्हणाले, "वाच." सरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं, चष्मा खिशात, पण त्यांना स्वतः वाचायचं नव्हतं. शाळेत उभं राहून वाचायचो तसा मी वाचायला लागलो, आणि अडखळून अडखळून आपल्या भाषेत सांगत गेलो. गिऱ्हाइकं कागद हातात धरून ऐकत उभी होती. मारहाणीच्या ओळीला आलो तेव्हा सरांनी सवयीनं खिडकीकडे पाहिलं. माझ्या दुकानाला खिडकी नाही. तिथं भिंत आहे, तिच्यावर लॅमिनेशनचे नमुने लावलेत. सर ते पाहत राहिले. उभ्या जन्मात शुद्ध बोलणारा तो माणूस मग पहिल्यांदा आमच्यासारखं बोलला.

"हे मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

मला म्हणायचं होतं, काकूंनी सांगितलं, पोरीनं ओट्यावर चारचौघांत सांगितलं, कासारणीला एका नजरेत कळलं. मी एवढंच म्हणालो, "सर, पिना तुम्हीच मारल्या होत्या." त्यांनी मान हलवली, पुस्तक उचललं आणि गेले. पिना काउंटरवरच राहिल्या.

आम्हाला वाटलं, आता वर्ग बंद. पण संध्याकाळी लाईट गेली आणि सरांनी कंदील लावला. आम्ही जमलो. काकूही दारात येऊन उभ्या होत्या, एरवी त्या कधी यायच्या नाहीत. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, आज एकच प्रश्न. "घरात नवरा बायकोला मारतो. कायद्यानं तो कोण?"

पोस्टमन चपलेकडे पाहायला लागला. पानठेलेवाल्याला एकदम ठेल्यावर गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं. माजी उपसरपंचांच्या घरातला आवाज महिन्यातून दोनदा आख्खी गल्ली ऐकायची, ते म्हणाले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. सर म्हणाले, नाही, पुस्तकात आहे. मग कुणीच बोललं नाही. मीही नाही, आणि मला तर उत्तर पाठ होतं.

"गुन्हेगार," भाऱ्याखालून आवाज आला.

पर्बताबाई. दुकानातली बातमी शेतापर्यंत पोचायला आंजीत किती वेळ लागतो. सर म्हणाले, बरोबर. नेहमीसारखे खूश मात्र झाले नाहीत. पर्बताबाईही निघेना. तिनं आजवर सरांना कधी उलट प्रश्न विचारला नव्हता. तिनं भारा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "पण सर, हे तिथलंच हाय, का इथं आंजीतबी?"

सर उत्तर द्यायला तोंड उघडून बसले. सगळे राजे पाठ, सगळे संत पाठ. वरिष्ठ सभागृह कायदा किती दिवस अडवतं ते पाठ. कंदिलाची वात काकूंनी पुढं येऊन वर केली.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

पर्बताबाईनं भारा उचलून डोक्यावर घेतला.

"मंग नापास, सर," ती म्हणाली आणि निघून गेली.

कुणी हसलं नाही. सर उठले, धोतराचा सोगा सावरत एक हात भिंतीला लावून ओट्यावरून खाली आले, आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले. मी थोडा सरकलो.